तीन डबे आणि एक किल्ली

शिलाईच्या कारखान्यात शर्टांची काजं करणारी मावशी तशी सोशिक बाई; पण इस्त्रीवाल्याची तिला किळस यायची. तो कामगारांचा प्रतिनिधी, म्हणून संडासाची किल्ली त्याच्या कमरेला. बाई मागायला आली की दात काढून विचारणार, "आत्ताच तर जाऊन आलात ना?" आणि सगळ्यांसमोर किल्ली बोटावर फिरवत बसणार. शी! मावशीला मधुमेह. बिचारीने दुपारचं पाणी पिणंच सोडलं होतं.

नव्या निवडणुकीला मावशी त्याच्याविरुद्ध उभी राहिली. आणि कॉलर लावणारी तिची धाकटी जाऊ, तीही उभी राहिली! दोघींना हवं एकच: किल्ली दाराजवळच्या खिळ्याला टांगायची, ज्याला लागेल त्याने घ्यायची.

"ताई, तुम्ही माघार घ्या. तरुण पोरी माझ्या बाजूने आहेत," जाऊ म्हणाली.

"मोठी मी आहे. तूच घे."

झालं! दोघींची तोंडं फुगली ती फुगलीच.

मतदानाच्या दिवशी पडद्याआड प्रत्येक उमेदवाराच्या नावाचा डबा. माणशी एक बटण टाकायचं, ही तिथली रीत. इस्त्रीवाल्याच्या डब्यात अकरा बटणं निघाली, मावशीच्या नऊ, जावेच्या आठ.

"बहुमत!" इस्त्रीवाला ओरडला.

"कसलं डोंबलाचं बहुमत? सतरा जणांना तू नकोयस!" मावशी कडाडली.

"असेल. पण ते सतरा एका डब्यात कुठे आहेत?"

मॅनेजरने जांभई दिली. "ज्याची जास्त, तो निवडून आला. चला, मशिनी सुरू करा."

पुढच्याच आठवड्यात एका दुपारी मावशीने किल्ली मागितली. "एवढा शर्ट होऊ दे," इस्त्रीवाला म्हणाला. तो झाल्यावर मेल्याने मुद्दाम दुसरा घेतला. मावशी पाय आवळून उभी राहिली. आणि भरल्या कारखान्यात तिच्या पायाखालची फरशी ओली झाली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एवढ्यात जाऊ तरातरा आली आणि इस्त्रीजवळची पाण्याची बादली तिने लाथेने उलटवली. पाणी सगळीकडे पसरलं.

"अगं बाई, सांडलं की माझ्याकडून! ताई, भिजलात ना? चला, कपडे पिळू. आण रे ती किल्ली!"

इस्त्रीवाल्याने गडबडून किल्ली दिली. आत कडी लावल्यावर मावशीला रडू फुटलं. "मी माघार घ्यायला हवी होती गं."

"मी तरी कुठे घेतली?" जाऊ तिचे कपडे पिळत म्हणाली.

बाहेरून इस्त्रीवाला दार ठोठावू लागला. "आटपा लवकर! किल्ली माझ्याकडे जमा करा."