हत्तीण बसलेली बरी

आमच्या वन्संची पर्स सहसा कुणी उचलायला जात नाही. एकदा शेजारच्या काकूंनी ती नुसती बाजूला सरकवायला घेतली, तर त्यांचा खांदाच खाली गेला.

"काय गं, इस्त्री घेऊन फिरतेस की काय?" काकू म्हणाल्या.

वन्संनी पर्स उघडून दाखवली. रुमाल, चष्म्याचं घर, घराची किल्ली आणि बाकी सगळे दगड.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून त्या काचा घासतात. दिवसभर एवढीशी काच बोटांत धरून चाकावर फिरवायची, उजेडाकडे धरून बघायची, पुन्हा फिरवायची. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणतात, "राहून गेलं," आणि ते अशा सुरात, की जणू दळण आणायचं राहून गेलं. मी या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांच्या खाटेखाली झाडू घातला आणि बुटांच्या खोक्यांची रांग लागली. प्रत्येक खोक्यात कापसावर निजवलेले दगड. मला वाटलं, लग्न ठरवताना ही गोष्ट आपल्यापासून लपवली गेली. एक दगड उचलून पुसला आणि परत ठेवला, तर मागून आवाज आला, "पालथा घातलास. ते त्याचं तोंड आहे."

तेव्हापासून मी तोंड बघून ठेवते.

आमच्या वस्तीमागे पाण्याच्या टाकीचा उतार आहे. तिथे पूर्वी नुसता राडारोडा पडायचा. आता तिथे दगडबाग आहे. दगड रचायचे, त्यांच्या फटींत माती भरायची आणि त्या मातीत बोटाएवढी रोपं लावायची. फुलं एवढी लहान, की ती बघायला वाकावं लागतं. वन्सं म्हणतात, वाकल्याशिवाय दिसू नये अशीच काही गोष्टींची इच्छा असते. बागेचं एक मंडळ आहे आणि मंडळात सगळेच फुकट राबणारे. अध्यक्ष दाताचे डॉक्टर आहेत, कारण सभा त्यांच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत भरते. पाण्याच्या नळाची किल्ली ग्रंथालयातल्या बाईंकडे असते. पण खरा मान असतो दगडप्रमुखाला. कुठला दगड कुठे आणि कसा बसवायचा, हे तो ठरवतो आणि त्याच्या शब्दापुढे डॉक्टरही जात नाहीत. ते काम इतकी वर्षं एक गवंडीकाका बघायचे. ते मुलीकडे राहायला गेले आणि जागा रिकामी झाली.

वन्संना ती जागा हवी होती. बोलल्या नाहीत, पण मला कळलं. कारण त्याच सुमारास त्यांना हत्तीण सापडली होती.

रस्ता रुंद करताना निघालेल्या ढिगाऱ्यात तो दगड पडला होता. करडा, पाठीवर गोलाई आणि एका बाजूला खाली लोंबल्यासारखा. वन्संनी ट्रकवाल्याला दोन दिवस गाठून गोड बोलून तो टाकीच्या पायथ्याशी आणवला. वर गोणपाट घातलं. कामावर जाताना आणि येताना त्याला भेटून यायच्या. "पाण्यात बसलेल्या हत्तिणीसारखी बसवायची," त्या म्हणायच्या, "अर्धी मातीत, अर्धी वर. आडोशाला रोपं किती छान वाढतील."

मी रोज देवापुढे उदबत्ती लावते तेव्हा फार काही मागत नाही. त्या आठवड्यात मात्र वन्संसाठी एक वाक्य जोडायला लागले.

आता मंडळाचा एक नियम असा, की कुणीही बिनविरोध निवडून यायचं नाही. निवडणूक झालीच पाहिजे, नाहीतर लोक सभेला येत नाहीत. वन्संच्या विरुद्ध उभं राहायला कुणी तयार होईना. शेवटी मंडळातले बेकरीवाले आमच्या घरी आले आणि आमच्या ह्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "नावापुरता उभा राहा रे. घरातल्या घरात मिटेल."

हे पाण्याचे पंप दुरुस्त करतात. मंडळात आहेत, पण ओढून आणलेले. नावापुरते उभे राहिले. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "पण ताई, मी काय म्हणतो, तो दगड उभा का नको करायला?"

वन्संचा घास हातातच राहिला.

"उभा?"

"उभा. बागेच्या तोंडाशीच. लांबून दिसेल असा."

"बाळ्या, ती हत्तीण आहे. खांब नाही."

"हत्तीण काय जन्मभर बसूनच असते का?"

मग अख्खा पाव ताटात उभा राहिला. वन्संनी तो आडवा केला आणि त्याला भाताचा उतार रचून दिला. ह्यांनी तो पुन्हा उभा केला. तो पडला. "बघ," वन्सं म्हणाल्या. "पाव आहे म्हणून पडला," हे म्हणाले. मी पाव उचलून कापला आणि दोघांना वाढला.

त्यानंतर घरात प्रचाराला ऊत आला. हे पंप दुरुस्त करायला जातील तिथे मत मागून येत. वन्सं काही मागत नसत, पण मंडळातल्या माणसांचे चष्मे अचानक फार लखलखीत होऊन परत जायला लागले. दोघं एकमेकांना म्हणायचे, "मीठ दे, उमेदवार," आणि "दार लाव, उमेदवार." मला एकटीला गाठून दोघंही विचारायचे, "तू आपली आहेस ना?" मी दोघांनाही हो म्हणायचे. त्यात खोटं काहीच नव्हतं.

आमच्याकडे मतदान कागदावर होत नाही. प्रत्येकाने घरून एक गोटा आणायचा. टेबलावर दोन उमेदवारांच्या दोन कुंड्या ठेवलेल्या असतात, त्यांवर कापड टाकलेलं असतं. कापडाखाली हात घालून हव्या त्या कुंडीत गोटा सोडायचा. नंतर ते सगळे गोटे बागेतल्या पायवाटेवर पसरतात. म्हणजे मत वाया जात नाही.

रविवारी सकाळी दवाखान्यात सगळे जमले. भिंतीवर हसणाऱ्या दातांची चित्रं, खाली खिशात गोटा घेऊन बसलेली माणसं. कुंड्या मांडायचं काम वन्संनी आपणहून घेतलं होतं. त्या पहाटेपासून तिथे होत्या, अंगात आल्यासारख्या इकडून तिकडे पळत होत्या. ह्यांनी ठेवणीतला शर्ट घातला होता. एकेक जण उठला, टेबलापाशी गेला, खट्ट आवाज झाला, परत येऊन बसला. मीही गेले. माझा गोटा मी स्वच्छ धुऊन नेला होता.

मग ग्रंथालयातल्या बाई मोजायला बसल्या. मोजता मोजता त्यांचा चेहरा बदलत गेला. त्यांनी पहिल्यापासून मोजलं. मग चष्मा काढून पुसला.

"डॉक्टर, आपण एवढे सभासद कधी झालो?"

खोलीत माणसं तीसेक, आणि दोन्ही कुंड्यांत मिळून दगड दोनशेच्या वर.

बेकरीवाले उठून उभे राहिले. "अरे बापरे, आपल्याकडेही हे सुरू झालं?"

"तळाला तर बारीक खडी आहे," बाई म्हणाल्या, "आणि भोकावर खापराचा तुकडा."

सगळ्यांच्या माना एकदम वन्संकडे वळल्या. वन्संनी तोंडावर हात ठेवला होता. "मी भरली असेन," त्या बोटांच्या फटीतून म्हणाल्या. "रिकामी कुंडी दिसली की माझ्याच्याने राहवत नाही. पाणी निचरायला हवं ना."

"मतांचं पाणी?" डॉक्टरांनी विचारलं.

आधी कुणीतरी खुदकन हसलं. मग बेकरीवाल्यांची खुर्ची मागे कलली. ह्यांना तर हसून ठसका लागला. डॉक्टर, जे माणसांना तोंड उघडायला सांगून सांगून थकतात, ते स्वतःच आ वासून हसत होते. हसू थोडं ओसरलं, तेव्हा ह्यांनी डोळे पुसत विचारलं, "पण आता मत कुठलं आणि खडी कुठली?"

"त्यात काय," मागून एक आजोबा म्हणाले, "माझा मी ओळखतो."

झालं. दोन्ही कुंड्या दोन चादरींवर ओतल्या आणि अख्खं मंडळ गुडघ्यांवर आलं. "हा माझा, पांढरी रेघ." "हा माझा, नदीवरचा." "अहो तो माझा, टाका खाली." एकेक जण आपला गोटा शोधून चादरीच्या कडेला ठेवत होता, आणि कुणी कुणाला मत दिलं ते अख्ख्या खोलीला दिसत होतं. बेकरीवाले वन्संचे लखलखीत चष्मे वापरून ह्यांना मत देऊन बसले होते. "अहो, मीच उभं केलं त्याला," ते वन्संच्या कानात पुटपुटले. आमच्या ह्यांचा गोटा सापडला तो वन्संच्या चादरीवर. हे लालेलाल झाले. "चुकून पडला," म्हणाले. माझाही त्याच चादरीवर होता. "तुझापण चुकून?" ह्यांनी विचारलं. "मी धुऊन टाकला होता," मी म्हटलं.

मोजणी झाली. सारखी मतं. दोन्हीकडे अगदी सारखी.

"कुणाचं राहिलंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

मग वन्संनी हळूच हात वर केला. कुंड्या मांडायच्या नादात त्या स्वतः मत द्यायलाच विसरल्या होत्या.

आता सगळे श्वास धरून बसले. वन्संनी पर्स उघडली आणि मताचा म्हणून आणलेला गोटा शोधायला लागल्या. एक काढला, नको म्हणून ठेवला. दुसरा काढला, तो सोडवेना. मला वाटलं, आता ही बाई लाजेकाजेस्तव भावाला मत देणार आणि हत्तीण खांब होणार. मी पदराखाली हात जोडले.

"ताई, दे गं मला," हे म्हणाले. "लोक काय म्हणतील, स्वतःलाच दिलं."

वन्संनी त्यांच्याकडे पाहिलं. मग आमच्या सगळ्यांकडे.

"म्हणू देत," त्या म्हणाल्या. "मला हवंय." आणि एक काळाभोर गोटा स्वतःच्या चादरीवर ठेवला. तोंड वर करून.

टाळ्या वाजल्या, त्यात सर्वांत मोठ्या आमच्या ह्यांच्या.

तिथूनच सगळे उताराकडे गेले. खड्डा तयार होता. पहारी लावल्या, दोर लावले, वन्सं बाजूला उभ्या राहून "डावीकडे, अजून, सांभाळून" करत होत्या. नवी दगडप्रमुख म्हणून आवाज जरा चढला होता. हत्तीण सरकली, कलली, घसरली आणि खड्ड्यात जाऊन धप्पकन उभी राहिली. सरळ. लांबून दिसेल अशी.

ह्यांनी फक्त शर्टाची कॉलर नीट केली.

पुन्हा पहारी लावल्या. सगळ्यांनी मिळून ढकललं. हत्तीण जागची हलेना. सगळे घामाघूम होऊन मातीत बसले आणि वन्संकडे बघू लागले. वन्सं तिच्याभोवती एक चक्कर मारून आल्या. तिच्या अंगावरची माती झटकली.

"राहू दे आज उभी," त्या म्हणाल्या. "थकली की बसेल."

हल्ली दुकानातून सुटल्या की वन्सं आधी टाकीवर जातात. रोपांना घालतात तशा झारीने हत्तिणीच्या पायाशी पाणी घालतात, पण एकाच बाजूला. परवा मी पाहिलं, हत्तीण बरीच कलली आहे. झारी भरून द्यायला हे नळाशी उभे असतात. हत्तिणीकडे पाठ करून.