गाडीतली पिवळी पूड

आधीच सांगते, माझं शिक्षण चौथीपर्यंतच. ऱ्हस्व-दीर्घ चुकणार, आणि अक्षर इतकं वाईट की वाण्याची यादीसुद्धा मी मुलीकडून लिहून घेते. तेव्हा माफ करा. मासिकात लोकांचे असले अनुभव येतात ते मी दुपारी वाचते, पण माझा कधी विश्वास बसला नाही... करणी, भानामती, झपाटलेली विहीर — गावाकडे कोणी ना कोणी सांगायचंच, आणि मी तोंडाला पदर लावून हसायची. हे मी बहुतेक पाठवणार नाही. पण लिहून ठेवते, कारण बोलायला गेले की माझं निम्मं पोटातच राहतं.

सुनामी आली त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आम्ही मूळचे विट्याकडचे. आमच्या भागातली पुष्कळ माणसं गलाईच्या धंद्यात आहेत — सोनारांकडचं जुनं, मिसळीचं सोनं भट्टीत आणि तेजाबात घालून शुद्ध करून द्यायचं. त्यासाठी माणसं देशभर पांगली, तसे माझे सासरे, म्हणजे मामंजी, चेन्नईला आले. दुकान साहुकारपेठेत, घर अंबत्तूरला.

गलाईवाल्याच्या घरात केर टाकत नाहीत. दुकानातला तर नाहीच, पण घरी येऊन कपडे झटकले तर त्याचाही नाही. सगळा डब्यात साठवायचा, वर्षाकाठी जाळायचा, आणि राखेतून गुंजभर सोनं निघेल ते काढायचं. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, ही माणसं वेडी आहेत. पुढे मीही तेच करायला लागले.

मामंजी गेल्यावर त्यांची पांढरी गाडी — जुन्या सरकारी साहेबांची असायची तसली गोल पाठीची — चार वर्षं घरामागच्या पत्र्याखाली उभी होती. आमचे हे म्हणायचे, भंगारात देऊ. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, नको म्हणायच्या. तेवढ्यात गावाहून फोन आला. आत्याबाईंचा एकुलता भाऊ अंथरुणाला खिळला होता. डॉक्टरने घरी न्यायला सांगितलं होतं, आणि तो सारखं बहिणीचं नाव घेत होता. आत्याबाईंचं खुब्याचं हाड मोडलेलं, रेल्वेच्या पायऱ्या चढणं त्यांना शक्य नव्हतं. त्यांनी त्या दिवसापासून रात्रीची भाकरी सोडली.

मग गाडीच नीट करायची ठरली. हजारावर किलोमीटरचा रस्ता. यांचे पैसे नेमके एका सोनाराकडे अडकलेले. साड्यांना फॉल लावून साठवलेले माझे सात हजार होते, ते मी दिले. हे म्हणाले, उसने घेतोय हं. मी मान हलवली. नवऱ्याला उसने दिलेले पैसे म्हणजे समुद्रात टाकलेला नारळ, हे मला ठाऊक होतं.

मुरुगन नावाचा मेकॅनिक रोज सकाळी घरी येऊन काम करायचा. बॅटरी, टायर, रेडिएटरचे पाइप, पंख्याचा पट्टा, ब्रेकची रबरं सगळंच बदलायचं होतं. काही वायरी उंदरांनी खाल्लेल्या. आतली सफाई माझ्याकडे. पहिल्या दिवशी मी झाडून लेंड्या, वाळू, सुपारीची खांडं काढली. खिडकीतून आत्याबाई म्हणाल्या, "तुझ्या मामंजींच्या पायाची माती हाय ती. टाकू नगंस." मी डब्यात भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या डाव्या सीटसमोर, धुतलेल्या रबरी मॅटवर, चिमूटभर पिवळी पूड दिसली. चमकणारी. वाटलं, काल राहिली असेल. पुसून कागदात घेतली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच, तेवढीच. आत्याबाई नेहमी बसायच्या ती जागा.

मला भीती नाही वाटली, खरं सांगते. मला नवल वाटलं... आणि थोडा लोभही सुटला. गलाईवाल्याची बायको मी, पिवळं दिसलं की हात आपोआप कागद शोधतो. त्या रात्री मी मॅट काढून घरात आणली, खाली वर्तमानपत्र अंथरलं, चारी दारं लावली, काचा चढवल्या आणि किल्ली कमरेला खोचून झोपले. सकाळी वर्तमानपत्रावर पुडीची छोटीशी ढिगली. विखुरलेली नाही — कोणी बोटांच्या चिमटीतून सोडावी तशी.

यांना दाखवली. हे खो खो हसले. "चार वर्षं उपाशी ठेवली, आता सोनं हगायला लागली का गाडी?" पण हसता हसता पुडी खिशात घातली, हे मी पाहिलं. मामंजींच्या कपड्यातलं, बुटातलं सोनं सीटखाली साठलं असेल, असं त्यांच्या मनात आलंच होतं. संध्याकाळी तोंड पाडून आले. पूड वितळवून मणी केला, कसोटीच्या दगडावर घासला, वर तेजाबाचा थेंब सोडला, तर रेघ फेसाळून पार नाहीशी झाली. सोनं असतं तर राहिली असती. पितळ होतं.

"टाकून दे," म्हणाले.

माझ्याच्याने टाकवेना. पितळ तर पितळ, पण येतं कुठून? रोज सकाळी नवा कागद काढायचा, पूड डब्यात ओतायची. एकूण नऊ दिवस. आत्याबाईंना सांगितलं तेव्हा त्या फक्त एवढंच म्हणाल्या की माझ्या पायापाशी येतंय, मला कायतरी सांगायचं असंल. मी विषय बदलला.

नवव्या दिवशी मुरुगनने गाडी फिरवून आणली आणि तयार आहे म्हणाला. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं ठरलं. गावाहून पुन्हा फोन आला होता, लवकर या म्हणून. हे त्याचा हिशोब करत होते आणि मी दारात डबा घेऊन उभी. परक्या पुरुषाशी मी आपणहून बोलत नाही. माझी तमिळ म्हणजे भाजीवालीपुरती. पण त्या दिवशी पाय पुढे गेले. मी डबा त्याच्यापुढे धरला आणि म्हटलं, "हे बघून जा."

हे ओशाळले. मुरुगनने पूड अंगठ्यावर चोळली, वास घेतला, आणि त्याचा चेहरा बदलला.

"एंगे किडैच्चदु, अक्का?"

कुठे मिळाली, असं विचारत होता. मी गाडीतली जागा दाखवली. तो मान हलवत राहिला. तो बोलत होता आणि हे मला मराठीत सांगत होते, गाडीच्या पुढच्या भागात असलं पितळ एकाच ठिकाणी असतं, चाक वळतं त्या सांध्यातल्या बुशमध्ये, म्हणजे आतल्या पितळी नळीत. पण ते खाली, बाहेर, चाकापाशी. मधे अख्खा लोखंडी पत्रा. आत यायला वाटच नाही. तरी त्याने जॅक लावला आणि डावं चाक उतरवलं.

सांध्यात जुनं ग्रीस दगडासारखं घट्ट बसलेलं. त्यामुळे आधी चाक हलवून पाहिलं तेव्हा त्याला ढिलेपणा लागला नव्हता. ग्रीस खरवडल्यावर बुश नुसत्या हाताने निघून आलं. आतले आटे संपलेले, एका बाजूला चीर. मुरुगनने ते यांच्या हातात ठेवलं. म्हणाला, "शेठ, वेल्लोरच्या पुढे चाक आडवं झालं असतं."

त्या बाजूला आत्याबाई बसणार होत्या.

नवं बुश मिळायला एक दिवस गेला. त्या एका दिवसात आत्याबाईंनी पाणीसुद्धा धड घेतलं नाही, आणि मला सारखं वाटत होतं की तिकडे भाऊ गेला तर ते माझ्यामुळे.

यांनी त्या दिवशी एक गोष्ट केली, ती दुसऱ्या कोणी केली नसती. नवं आणि जुनं बुश दुकानात नेऊन सोन्याच्या काट्यावर तोललं. जुनं अठरा ग्रॅमने कमी भरलं. मग माझ्या डब्यातली पूड धुऊन, वितळवून, तो पहिला मणीही तिच्यात घालून तोलली. अठराला किंचित कमी. घरी येऊन मला सांगितलं आणि लगेच म्हणाले, नवे तुकडे सगळे एका वजनाचे नसतात, योगायोग असेल. असेलही. पण झिजलेलं पितळ कित्येक वर्षांच्या रस्त्यांवर सांडून गेलेलं असणार. आणि त्या नऊ दिवसांत, मुरुगनची ती शेवटची चक्कर सोडली तर, गाडी जागची हलली नव्हती.

निघताना मुरुगनने चारी चाकांखाली लिंबं ठेवली, ती चिरडून आम्ही रस्त्याला लागलो. बेंगळुरू, हुबळी, बेळगाव... गाडीने कुठे कुरकुर केली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. भाऊ शुद्धीवर होता. आत्याबाईंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो म्हणाला, "आक्का, जेवलीस का?" त्यापुढे तो सहा दिवस राहिला, आणि ते सहाही दिवस त्या त्याच्या उशाशी होत्या.

परत आल्यावर मी महिनाभर गाडीत वर्तमानपत्र अंथरलं. पुन्हा कधी काही पडलं नाही. मुरुगनला विचारलं, एका इंजिनिअर मुलाला विचारलं, पत्र्याला कुठे भोक आहे का म्हणून यांनी मला गाडीखाली टॉर्च धरून झोपवलं. नाही सापडलं. मामंजींनी केलं असं आत्याबाई म्हणतात. मी तसं म्हणत नाही, पण दुसरं काय म्हणायचं तेही मला कळत नाही.

आणि माझे सात हजार. हे दर महिन्याला पाचशे, कधी तीनशे असे देत गेले, मी न मागता. पुढच्या वर्षीच्या दिवाळीच्या आधी शेवटचे दोनशे हातावर ठेवून म्हणाले, "घे, फिटलं सगळं." मी दोनदा मोजले. पूर्ण होते.