दादाच्या रक्तातली सूज

लॅबताईचा एक हट्ट होता. आकडा डोळ्यांत खुपला की तपासणी पुन्हा करायची. मग पेशंट ओरडो नाहीतर डॉक्टर. बावीस वर्षांत तिच्या हातून एक चुकीचा रिपोर्ट गेला नव्हता. एवढा ताठा तर हवाच की!

तिचा थोरला भाऊ शिंपी. कोट कापण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याच दादानं एकदा गिऱ्हाइकाच्या महागड्या कापडातून दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. कापड उलटवायचं भानच राहिलं नाही. त्या दिवसापासून त्यानं जे अंथरूण धरलं, ते आठ महिने. मनाच्या डॉक्टरीणबाईंनी दोन औषधं देऊन पाहिली, फरक शून्य. नातेवाइकांनी मात्र उपदेशाचा रतीबच लावला. "मन घट्ट कर." "जरा फिरून ये." अरे, ज्याला दात घासायला उठवत नाही, त्याला फिरायला कसले पाठवता!

मग एका दुपारी दादा बहिणीला म्हणाला, "ठमे, मी नसलो तर तुम्ही सगळे सुटाल."

तशीच त्याला घेऊन ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. "यांना क्षणभरही एकटं सोडू नका," त्या म्हणाल्या आणि रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या.

ताईनं स्वतः रक्त काढलं. अंगातली सूज दाखवणारा सीआरपी पाचाच्या आत हवा, आला अठ्ठावीस. दादाला ना ताप, ना खोकला! भावाचं रक्त काढताना आपलाच हात चळला असेल, नळी बदलली असेल, म्हणून तिनं दुसऱ्या हातातून रक्त घेतलं. पुन्हा अठ्ठावीस. मग ही सूज सांध्यांत तर नसेल?

"दादा, सकाळी बोटं आखडतात का रे?"

"शिंप्याची बोटं आखडणारच की. त्यात सांगायचं काय?"

"कर्म माझं!" ताई ओरडली आणि रिपोर्ट घेऊन निघाली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा सांध्यांचा आजार दिसतोय. अंगात अशी सूज धुमसत राहिली की काहींच्या मेंदूलाही तिची झळ लागते, आणि मन विझत जातं. उदास माणसांत सगळ्यांचंच असं नसतं, पण यांचं असू शकेल. मनाची गोळी चालूच ठेवायची, आणि आता सांध्यांवरही उपचार करायचे."

दोन्ही उपचार जोडीनं चालले. आकडा अठ्ठावीसवरून पंधरावर आला, मग सहावर. दादानं एकदा आपणहून दाढी केली. पुढच्या आठवड्यात चहा पांचट झाला म्हणून वहिनीशी भांडला, आणि वहिनी आनंदानं रडली.

चौथ्या महिन्यात तो एकटा, चालत लॅबमध्ये आला. रक्त देऊन झालं, तरी तिथंच घुटमळत राहिला.

"काय रे?"

"पुढची तारीख लिहून दे ना. तीन महिन्यांनंतरची. मी येणार आहे."

ताईनं तारीख लिहिली. एरवी कामाच्या जागी घरचा शब्दही न काढणारी ही बाई ताडकन उभी राहिली आणि रांगेतल्या अनोळखी माणसांना ठणकावून म्हणाली, "हा माझा दादा आहे!"