साडूंचं सांबर

बेळगावात मोटारीत चढताना ड्रायव्हरशेजारची जागा विनायकरावांना मिळाली, तिथंच माझं डोकं फिरलं. विनायकराव माझे साडू. ते मामलेदार, मी पुण्याचा शाळामास्तर. दोघांची सासुरवाडी खासबागेत. सासऱ्यांना मुलगा नाही, पण एक दुनळी विलायती बंदूक आहे. "सांबर मारील त्या जावयाला ही बंदूक," असं त्यांनी आदल्या संध्याकाळी सांगून टाकलं होतं. निपाणीजवळच्या एका इनामदारांनी शिकारीला बोलावलं होतं. आमंत्रण अर्थातच विनायकरावांना, मी शेपूट.

संकेश्वरला जेवायला थांबलो. जोंधळ्याची (ज्वारीची) भाकरी आणि मटण. खाणावळवाल्यानं नळी विनायकरावांच्या ताटात वाढली आणि मला नुसता रस्सा. पुढं निपाणीच्या तंबाखूनं शिंकून शिंकून माझं नाक लाल झालं. विनायकरावांना एक शिंक येईल तर शपथ.

इनामदारांचं रान म्हणजे अख्खी टेकडी. भोवती दगडी भिंत, वर काटेरी तार आणि आत खानापूरच्या जंगलातून आणून सोडलेली सांबरं. ती पळून जाणार तरी कुठं? तरी इनामदार म्हणाले, "जनावर लई बेरकी हाय, रावसाहेब." हेही विनायकरावांनाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तितरांवर निघालो. मी दोन पाडले, विनायकरावांनी एकही नाही. एवढा आनंद मला स्वतःच्या लग्नातसुद्धा झाला नव्हता.

दुपारी हाका (ढोल बडवून जनावरं उठवणं) सुरू झाला. ओढ्याच्या अलीकडं माझं मचाण, पलीकडं त्यांचं. सांबर आधी माझ्याच समोर आलं. केवढी शिंगं! मी बार काढला तो मातीत गेला. सांबर ओढा ओलांडून पलीकडं गेलं, धाडकन आवाज झाला आणि ते कोसळलं. इनामदारांनी विनायकरावांच्या गळ्यात हार घातला. मी टाळ्या वाजवल्या. दुसरं काय करणार?

परतताना इनामदारांचा शिकारी भीमाप्पा माझ्यासोबत होता. मी म्हणालो, "काय नशीब आहे साडूंचं!"

तो हसला. "नशीब कसलं, आप्पा? मीच पाडलं की ते. मोठ्या पावण्याच्या मागं झुडपात मी बसतोय. त्यांनी चाप वढला की मी बी वढतोय. बार एकच ऐकू येतोय. आमच्या मालकांचा रिवाजच हाय त्यो."

"विनायकरावांना माहीत आहे?"

"न्हाय हो! त्यास्नी कोण सांगतंय?"

मला वाटेतच नाचावंसं वाटलं. बंदूक गेली साडूंच्या हातून! हसतहसतच मी विचारलं, "आणि माझ्या मागं कोण होतं?"

भीमाप्पा अवघडला. "तुमच्या मागं बस म्हणून कुणी सांगितलं न्हवतं, आप्पा."

खासबागेत सासरे मांडीवर बंदूक घेऊन बसले होते. विनायकराव रंगवून रंगवून सांगत होते.

"मामा, तो बार..." मी तोंड उघडलं.

"काय झालं त्या बाराचं, मास्तर?" सासऱ्यांनी विचारलं.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. सांगितलं असतं, तर पुढचा प्रश्न ठरलेलाच होता: "आणि तुमच्या मागं कोण होतं?"

"अगदी नेमका बसला," मी म्हणालो.

बंदूक विनायकरावांना मिळाली. पुण्याच्या गाडीत बसल्यावर मला कळलं, की तिच्यासाठी मला त्यांचा फारसा हेवा वाटत नव्हता. कुणीतरी खास माणूस नेमून त्यांना फसवलं होतं. मला फसवावं एवढंही कुणाला वाटलं नाही.