उसवलेला पट्टा

आमचे जावई सोफे-खुर्च्या भरून देतात. बाजारात त्यांना नावानं कोणी हाक मारत नाही, सगळे 'उसवे' म्हणतात. कारण कुठंही बसले की त्यांचा हात बैठकीखाली जातो, आणि आत काय आहे ते कळल्याशिवाय चैन पडत नाही. पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा एका हातात चहाचा कप आणि दुसरा खुर्चीखाली. म्हणाले, "आई, यात काथ्या नाही. चिंध्या कोंबल्यात."

चिंध्या मीच कोंबल्या होत्या. माणूस खरा आहे पण सांभाळायला जड, हे मी तेव्हाच ओळखलं.

वाकून वाकून त्यांची कंबर गेली. मणक्यांमधली गादी सरकली, डॉक्टर म्हणाले. गाद्या भरणाऱ्याचीच गादी सरकावी! पण जावयाच्या दुखण्यावर सासूनं हसू नये, म्हणून मी आत जाऊन हसले. नंतर मात्र हसू आलं नाही. कळ कमरेतून निघून पार पोटरीपर्यंत उतरायची, आणि माणूस दाभण हातात धरून भिंतीला टेकून उभा.

दुखणेकऱ्याला सल्ला द्यायला शाळेत जावं लागत नाही. मालिशवाला झाला, तो तर पाठीवर उभाच राहिला. हाडं बसवणारा झाला. सुया टोचणारी बाई झाली. प्रत्येकाकडून आले की काही दिवस चालायचे ताठ, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मला आपलं वाटायचं, कळ पार डोक्यावर गेली की आपण धावतो, आणि तिथून ती उतरायचीच असते. ताप उतरताना जो उशाशी बसलेला असतो, त्याचं नाव होतं.

मोठ्या दवाखान्यातल्या सर्जननं ऑपरेशन सुचवलं. केलं तर पाय लवकर मोकळा होईल, नाही केलं तर हळूहळू आपोआपही होईल, खात्री कशाचीच नाही, असं बोलणं.

"करून टाका एकदाचं," लेक त्यांना म्हणाली.

"अगं, उसवलेलं कापड पुन्हा पहिल्यासारखं बसत नाही," जावई म्हणाले. "हे मला ठाऊक नाही का?"

"तुम्ही लोकांचं रोज उसवता ते?"

"ते सोफे असतात!"

घरात एवढाच विषय. पाठ उघडायची की नाही.

त्याच दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई संशोधन करत होत्या. कमरेला बांधायचे चुंबकाचे पट्टे बाजारात विकतात ना, त्यांत खरंच काही दम आहे का, ते त्यांना पाहायचं होतं. निम्म्या लोकांना चुंबकाचा पट्टा, निम्म्यांना तसाच दिसणारा साधा. कोणाला कोणता, हे ना पेशंटला ठाऊक ना बाईंना. व्यायाम मात्र सगळ्यांनी करायचा, मालिश-सुया बंद. सर्जन म्हणाले, पायात जोर आहे तोवर ऑपरेशन थांबेल, जाऊन बघा. जावई खूश झाले. पाठीऐवजी पट्ट्यावर भागणार होतं.

आणि गुण आला हो. रोज सकाळी जमिनीवर आडवे पडून पाय उचलायचे, कुरकुरत. मग पट्टा बांधून दुकानात. एक दिवस चक्क आरामखुर्ची एकट्यानं उलटी केली. लेक ओरडली, पण तोंडावर हसू होतं. ऑपरेशनचं नाव घरातून गेलं.

मग एका दुपारी मी दुकानात गेले, तर पट्टा टेबलावर आणि यांच्या हातात ब्लेड.

"अहो, उघडायचा नाही म्हणाल्या होत्या ना बाई?"

"आई, शिवण बघा ही. सापासारखी वाकडी. रोज कमरेला बांधायची आणि बघत बसायचं?"

वाकडी होती खरी. त्यांनी उसवली. आतून लोखंडाच्या चकत्या निघाल्या. एक बारीक खिळा त्यांनी चकतीला लावला, खिळा टपकन खाली पडला. दुसरी चकती, तेच. जावयांनी खिळा परत डबीत टाकला. मग पट्टा शिवून टाकला. सरळ, बारीक, देखणी शिवण.

दुसऱ्या दिवशी उठताना कमरेत कळ.

"पट्ट्यात काही नाही हे कमरेला कोणी सांगितलं?" मी विचारलं. लेकीनं ऑपरेशनचे कागद पुन्हा वर काढले.

तपासणीला मीही सोबत गेले. डॉक्टरीणबाईंनी पट्टा हातात घेतला, उलटा केला आणि हसल्या.

"ही शिवण आमची नाही. आमच्याकडे इतकी चांगली कोणालाच येत नाही."

जावयांनी सगळं सांगून टाकलं. बाई रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या, "आता तुम्ही काय सांगाल त्याच्यावर मला भरवसा ठेवता येणार नाही. तुम्हाला आत काय आहे ते माहीत झालंय."

"पण बाई, मला बरं वाटत होतं ते खोटं होतं?"

"छे. तुम्ही चालत होता, वजन उचलत होता, ते मी पाहिलंय. ते चुंबकामुळे नव्हतं, एवढंच."

"मग कशामुळे?"

"व्यायाम असेल. नुसता काळ असेल. आपण काहीतरी करतोय हा धीर असेल. एकट्या तुमच्यावरून कसं सांगू? म्हणून तर इतकी माणसं लागतात."

सर्जननं पाय दाबून पाहिला. जोर तसाच होता. पाऊल लुळं पडलं किंवा लघवीचा ताबा गेला तर त्याच दिवशी या, नाहीतर घाई नाही, म्हणाले. निर्णय पुन्हा आमच्याच दारात.

घराजवळ आल्यावर जावई म्हणाले, "आई, काहीही नसताना मी आरामखुर्ची उलटी केली?"

"माझ्या डोळ्यांदेखत."

"मग पाठ कशाला उघडायची?"

दुसऱ्या सकाळी पुन्हा जमिनीवर आडवे, पट्ट्याविना. कळ अधूनमधून येते, तेव्हा लेक ऑपरेशनचे कागद दाखवते आणि ते पाय उचलून दाखवतात. सोफे आता उंच लाकडी घोड्यांवर चढवून भरतात, वाकणं कमी. मालिशवाला अजून सांगत फिरतो की गुण त्याच्या पायाचा.

पुढं बाईंकडून निकाल कळला. दोन्ही पट्टेवाल्यांना सारखाच आराम पडला होता, चुंबकानं काही फरक केला नव्हता.

जावई म्हणाले, "म्हणजे तशी माझी फसवणूक झाली नाही."

आणि माझ्या उशीच्या शिवणीवरून बोट फिरवू लागले. मी उशी काढून घेतली.