नडगीवरची पट्टी

डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला. “काका, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा आहे. म्हणजे चमडीचा कॅन्सर. जुन्या जळल्याच्या निशाणावर कधी कधी होतो. घाबरू नका, पण काढावा लागेल.”

निशाण वीस वर्षांचं होतं. इंदूरच्या कापड गिरणीत उजव्या नडगीला वाफेचा पाइप लागला होता. आम्ही विणकर दिवसभर उभे. पाय भरून येऊ नयेत म्हणून टाकाऊ कापडाच्या पट्ट्या घट्ट गुंडाळायचो. त्या पट्टीखाली जुन्या निशाणावर गेलं वर्षभर एक फोड चिघळत होता आणि मी हळद दाबून गप्प होतो. गिरणी बंद पडली, पट्टी सुटली, आणि माझ्या बायकोला, सुमनला, जखम दिसली. दुसऱ्याच दिवशी तिने मला दवाखान्यात नेलं. तुमची जखम भरत नसेल तर माझ्यासारखा शहाणपणा करू नका.

मला कॅन्सरपेक्षा पायाची धास्ती होती. उभं राहणं हीच माझी विद्या.

“नडगीवर मांस कमी, खून कमी,” डॉक्टर म्हणाले. “टाक्यांनी बंद होणार नाही. मांडीची पतली चमडी काढून इथं लावू. त्याला स्किन ग्राफ्ट म्हणतात. तिने तिथं पकडली, म्हणजे रुजली, तर ठीक, नाही तर अजून मोठं ऑपरेशन.”

ऑपरेशननंतर पाच दिवस पाय उशीवर. नडगीपेक्षा मांडीच जास्त जळजळते, हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो.

तिसऱ्या सकाळी गिरणीच्या पाळीच्या वेळेला डोळा उघडला आणि सवयीने पाय पलंगावरून खाली गेला. सुमनने झडप घालून धरला. “अहो, भोंगा नाही वाजला! मिल बंद झालीये!” बोलता बोलता ती रडायलाच लागली. लावलेली चमडी सरकली असेल या भीतीने पुढचे दोन दिवस मी त्या पायाकडे बघितलं नाही.

पाचव्या दिवशी ड्रेसिंग उघडलं. एक कोपरा काळा, बाकी सगळं गुलाबी.

“पकडली!” डॉक्टर हसले. “कोपरा भरेल हळूहळू. कॅन्सरही पूरा निघालाय. उभं राहायला लागलात की रोज पाय खाली ठेवायच्या आधी पट्टी गुंडाळायची. जमेल ना?”

मला हसूच फुटलं.

ज्या बंद गिरणीला मी इतक्या शिव्या घातल्या, तिनेच माझी जखम उघडी पाडली. पण जीव तिच्यातच अडकलाय, त्याला काय करू! रोज सकाळी पलंगावर बसून पट्टी गुंडाळतो. हात आपोआप फिरतात, कानांत मागांचा खडखडाट सुरू होतो. मग उठतो. पाय अख्खा भार घेतो, दाराकडे वळतो. आता कुठं जायचं नाही, हे त्याला सांगणं रोज जिवावर येतं.