भंडारा लागलेला कागद

देवावर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकतो. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, गोड लिहिता येत नाही.

चीनच्या लढाईत मी तोफखान्यात होतो. शेजारी गोळा फुटला आणि कान गेले. उजव्याला ओरडून बोललं तर कळतं, डावा ठार बहिरा. पेन्शन कचेरीनं लिहिलं, कानाचं दुखणं आधीपासूनचं, नोकरीतलं नाही. म्हणजे मी खोटारडा. बायकोनं हट्ट धरला म्हणून अपील केलं. कचेरीनं लढाईतल्या इस्पितळाची अस्सल चिठ्ठी मागितली, मुदत घालून. ट्रंक उपसली, चिठ्ठी नाही. ही तेव्हा अर्धांगानं पडलेली, वाचा गेलेली. मी तिच्यावरच खेकसलो, तूच हरवलीस म्हणून. ती नुसती देव्हाऱ्याकडं बघत राहायची. मला वाटलं, देवाला बोलावतेय. आठ दिवसांत गेली.

मूलबाळ नाही. तेरावं झाल्यावर म्हटलं, देव चाकणला पुतण्याच्या घरी पोचवू, आपल्याच्यानं दिवा लावणं होणार नाही. देव्हारा तिचा, मी कधी हात लावला नव्हता. डोळे मिटून, खालच्या वस्त्रासकट सगळं लाल फडक्यात बांधलं आणि निघालो. मुदतीला दोन दिवस उरले होते, पण अपिलावर पाणीच सोडलं होतं.

भोसरीच्या पुढं एसटी बंद पडली. रस्त्याकडेच्या गॅरेजातल्या मुसलमान मिस्त्रीनं पाणी दिलं, गाठोड्यात काय म्हणून विचारलं. मी सांगितलं. तो माझ्या उजव्या कानाशी येऊन म्हणाला, "बाबा, देव दुसऱ्याच्या हवाली करताय, तर आत काय काय हाय ते बघून तरी द्या. आमची अम्मा कुराणाच्या बासनात घराची कागदं ठेवायची."

मला रागच आला. तरी गाठ सोडली.

खंडोबाच्या टाकाखाली घडी घातलेला कागद, भंडाऱ्यानं पिवळाधमक. तीच चिठ्ठी! मिस्त्रीच्या हातात देऊन त्याला अपिलाचं, मुदतीचं सांगितलं. मग आठवलं. खंडेनवमीला शेजारचे कामगार पान्हे पुजायचे, तेव्हा हिनं विचारलं होतं, तुमचं हत्यार कुठंय? सरकारजमा, म्हणून मी हसलो होतो. तेव्हापासून दर खंडेनवमीला ती टाकाखाली कसलासा कागद ठेवून पुजायची. मी कधी विचारलं नाही.

मिस्त्रीनं गॅरेज बंद केलं, मला फटफटीवर मागं बसवलं आणि थेट पुण्याच्या कचेरीत नेलं. देव माझ्या मांडीवर. कारकुनानं विचारलं, कागद पिवळा कशानं? मी म्हणालो, "पूजा झालीय त्याची, साहेब. वर्षावर्षाला."

चार महिन्यांनी उत्तर आलं: दुखणं लढाईतलंच. तिच्या फोटोपुढं ते मी मोठ्यानं वाचलं. शेजारी धावत आले.

देव घरीच आहेत. सांजेला दिवा लावतो. तो मिस्त्री कुणी पाठवला, यावर मी वाद घालत नाही. मी आयुष्यभर मागत, भांडत राहिलो. तिनं सगळं देवाच्या पायाशी ठेवलं आणि निर्धास्त झाली. आता मीही तिच्यासारखा देव्हाऱ्याकडं नुसता बघत बसतो. मागायचं काही सुचत नाही.